पिएदादबायचे तीन उपास

पिएदाद डांटस ही रत्नागिरीतली शिवणकाम करणारी विधवा बाई. शाळेच्या गणवेशांपासून फादरांच्या झग्यांपर्यंत सगळं ती शिवायची. नाताळाआधीचे चार आठवडे, म्हणजे आगमनकाळ, तिच्या घरात फार कडक असे. आईने घालून दिलेली शिस्त होती ती. त्या दिवसांत, नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत, गोडधोड करायचं नाही, घरात लग्नाची बोलणी काढायची नाहीत, चोवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत दारात चांदणी लावायची नाही. समुद्रावरून सुरूच्या फांद्या आणून ती त्यांचं कडं वळायची, त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती खोचायची आणि दर रविवारी एक-एक वाढवत पेटवायची. तिसऱ्या रविवारनंतरच्या बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी उपास. हे उपास चर्चमध्ये आता कुणी धरत नसे. पिएदादबाय धरायची.

१९९८ साली तिचा एकुलता मुलगा आगुस्तीन कुवेतला होता. मालाने लादलेल्या मोठ्या बार्ज ओढून नेणाऱ्या टगबोटीच्या इंजिनावर काम करायचा. नोकरी लावून दिली होती शेजारच्या मन्सूरने. तो त्याच टगवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. दोन्ही घरांच्या मध्ये चिऱ्यांचा एक गडगा, कमरेइतका. मन्सूरच्या घरी फोन होता, पिएदादबायकडे नव्हता. त्यामुळे फोन आला की मन्सूरची बायको बिल्किस गडग्याशी येऊन हाक मारायची, "मावशी, आगुस्तीनचा फोन हाय, धावा!"

डिसेंबरच्या सुरुवातीला आगुस्तीनचं पत्र आलं. 'नाताळात सुट्टी मिळत नाही. केळशीचा जुनेद दहा तारखेला इकडे यायला निघतोय, त्याच्याबरोबर थोड्या नेवऱ्या दे. पुढच्या आठवड्यात गव्हाची बार्ज घेऊन इराकच्या बंदरात जायचं आहे.'

नेवऱ्या म्हणजे नाताळातल्या करंज्या. पिएदादबायने पत्र दोनदा वाचलं. जुनेद दाराशी आला तेव्हा तिने त्याच्या हातात एक नवा शर्ट दिला आणि आमसुलांची पुडी दिली.

"आणि नेवऱ्या? त्याने मुद्दाम सांगितलंय."

"आगमनकाळ चालू आहे बाबा. चोवीस तारखेच्या आधी मी कढईत गोड तळत नाही. त्याला ठाऊक आहे ते."

जुनेद हसला आणि गेला. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सोळा तारखेच्या बुधवारी तिने पहिला उपास धरला. गुरुवारी सकाळी सातच्या बातम्यांत सांगितलं, इराकवर बाँब पडतायत.

तिच्या हातातला कप तसाच राहिला. गडग्यापलीकडे बिल्किसचा रेडिओही तेच सांगत होता. दोघी एकाच वेळी बाहेर आल्या.

"बार्ज कधी जायची होती?" बिल्किसने विचारलं.

"ह्याच आठवड्यात."

दोघींनी मिळून कुवेतचा नंबर लावला. घंटाच वाजेना, नुसता टूंटूं आवाज. दिवसभरात वीस वेळा लावला असेल. संध्याकाळी कंपनीच्या कार्यालयात एकदाचा कुणीतरी उचलला आणि हिंदीत म्हणाला, "बोट बंदरात नाही." पुढे काही विचारणार तोवर फोन तुटला.

शुक्रवार असाच गेला. दुसरा उपास. गणवेशाच्या बाह्या उलट्या लागल्या, उसवून पुन्हा लावल्या, पुन्हा उलट्या. पोराने मागून काय मागितलं होतं? मूठभर नेवऱ्या. देवाने आपल्याकडे काय मागितलं म्हणून आपण त्या नाकारल्या? आणि आता तो तिकडे... त्यापुढे तिचं मन जायचं नाही. सुई टोचली तेव्हा भानावर आली.

शनिवारी ती पापनिवेदनाला गेली.

"फादर, मुलाने खाऊ मागितला, मी दिला नाही."

फादर तरुण होते, वसईकडचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बाय, आगमनात गोड करू नये असा काही चर्चचा नियम नाही."

"माझ्या आईचा होता."

"मग हे पाप नाही. घरी जा आणि आधी जेवा. तोंड बघा किती उतरलंय."

पाप नाही म्हटल्यावर हलकं वाटायला हवं होतं. उलट जास्तच जड वाटलं. पापाला निदान क्षमा तरी असते, ह्याची कुणाकडे क्षमा मागायची? ती घरी गेली, पण जेवली नाही. तिसरा उपासही तिने पुरा केला.

रविवारी चौथी मेणबत्ती पेटवली. हल्ले थांबल्याची बातमी त्याच दिवशी आली. पण फोन आला नाही. सोमवारी बिल्किसचा पहिला रोजा होता. मंगळवारी संध्याकाळी, रोजा सोडायची वेळ टळून दोन मिनिटं झाली असतील, तोच हाक आली. "मावशी! मावशी!"

पिएदादबाय गडगा ओलांडून गेली. ह्या वयात कशी ओलांडली, तिलाच ठाऊक.

बिल्किसचा चेहरा फुलला होता. "आगुस्तीन हाय. ह्यांना दे म्हटलं तर म्हणतो, आधी मायला दे."

"माय?"

त्याचा आवाज ऐकून ती भिंतीला टेकली. "कुठे होतास रे?"

"बार्ज अर्ध्यातून परत फिरवली. चार दिवस उघड्यावर नांगर टाकून होतो. मी बरा आहे."

"जुनेद भेटला? अरे, नेवऱ्या मी..."

"मला ठाऊक होतं तू देणार नाहीस. मन्सूरचाचांना तसं सांगितलंही होतं. आम्ही हसलो होतो त्यावर." मग त्याचा आवाज खाली आला. "माय, ऐक. बार्ज फिरवताना चाचांचा हात दोरात सापडला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. इस्पितळात आहेत, शुद्धीवर आहेत. चाचीला तू सांग. मला जमत नाहीय."

लाइन खरखरली आणि बंद झाली.

समोर बिल्किस खजूर हातात धरून उभी होती. अजून तो तोंडात टाकलेला नव्हता. पिएदादबायने रिसीव्हर जागेवर ठेवला. पाच दिवस तिने देवाकडे एकच गोष्ट मागितली होती, ती आत्ता मिळाली होती, आणि तिला हसू येत नव्हतं.

"आधी पाणी पी," ती म्हणाली.

"काय झालं?"

"पी गो. मग सांगते. मन्सूर जिवंत आहे."

बिल्किस एक घोट प्यायली. पिएदादबायने सगळं सांगितलं. बिल्किस खाली बसली.  मग म्हणाली, "उजवा?"

"उजवा."

"दोर त्या हाताने धरतात."

 पिएदादबाय तिच्याजवळ बसून राहिली.

चोवीस तारखेला पिएदादबाय नेवऱ्या करायला बसली तेव्हा बिल्किस आपणहून आली आणि कडा दुमडू लागली. एकीचा रोजा, तर दुसरी नाताळ उजाडेपर्यंत गोड तोंडाला लावत नसे. सारण चाखून बघायला कुणाचीच जीभ मोकळी नव्हती. साखर कमी पडली, हे दुसऱ्या दिवशी कळलं. दर पाच मिनिटांनी बिल्किस फोनकडे बघत होती. आता तिची काळजी वेगळी होती. तांडेल परत आला तर करणार काय? घर कसं चालणार?

मन्सूर ईदच्या आदल्या आठवड्यात आला. भेटायला येणाऱ्यांसमोर हात चादरीखाली ठेवायचा. पिएदादबाय गेली तेव्हा तो शर्टाचं बटण लावायचा प्रयत्न करत होता, आणि बिल्किस तोंड फिरवून उभी होती.

"सगळे शर्ट दे माझ्याकडे," पिएदादबाय म्हणाली.

अकरा शर्ट होते. तिने एकेक बटण काढलं आणि त्या जागी टिचबटणं बसवली, एका हाताच्या अंगठ्याने दाबली तर लागतील अशी. पहिला शर्ट त्याने तिच्यासमोर घालून बघितला. वरची दोन लागली. तिसऱ्याशी तो अडला, आणि ती उठून मदत करायला गेली नाही. तो लावेपर्यंत थांबली.