भिंगरीभाऊंचं बसणं

भिंगरीभाऊंना एका जागी बसलेलं दाखवा आणि माझ्याकडून संत्र्यांची एक पेटी घेऊन जा, अशी पैज मी सीताबर्डीवरच्या आमच्या टूरच्या ऑफिसात कित्येक वर्षं लावून ठेवली होती. पेटी कुणी नेली नाही. दरवर्षी संत्री मीच खाल्ली. गाडी चालवताना ते सीटवर असत हे खरं, पण त्याला बसणं म्हणायचं तर कढईत उड्या मारणाऱ्या भज्यालाही झोपलंय म्हणावं लागेल. उजवा गुडघा सारखा थडथड हलायचा, मान चारी दिशांना फिरायची, आणि सिग्नल लाल झाला की भाऊ दार उघडून खाली उतरायचे, गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि हिरवा व्हायच्या आत पुन्हा आत. ऑफिसात मी त्यांच्यासाठी खास एक खुर्ची आणली होती. तिच्यावरचं दुकानाचं प्लास्टिक शेवटपर्यंत निघालं नाही.

आमच्याकडचे ते सगळ्यात जुने ड्रायव्हर. उंच, वाळके, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. चहा चालता चालता प्यायचे. सावजीच्या हॉटेलात गेलं तर ताट हातात घेऊन दाराशी उभे. तो झणझणीत रस्सा पिताना लोकांच्या नाकातोंडातून धारा लागायच्या आणि हे तेवढ्यात टायरची हवा पाहून यायचे. "बसा ना भाऊ दोन मिनिटं," म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "बूड टेकवलं का मले खाज येते, मॅनेजर. तुमी बसा. तुमाले सवय हाय."

नागपूरच्या आसपास पाहण्यासारखं जे जे आहे ते त्यांनी पर्यटकांना दाखवलं, पण धावत. रामटेकच्या गडावर त्यांच्या मागून चढणाऱ्या माणसाला देवळाऐवजी भाऊंची पाठ लक्षात राहायची. नगरधनच्या किल्ल्याला त्यांनी सात मिनिटं नेमून दिली होती. त्यातली दोन दरवाजाला, चार तटाला आणि एक पाणी प्यायला. पुण्याच्या एका जोडप्याची सहा दिवसांची सहल भाऊंनी साडेतीन दिवसांत उरकली आणि त्यांना परत स्टेशनवर आणून सोडलं. ते जोडपं उरलेले अडीच दिवस वेटिंग रूममध्ये झोपून होतं म्हणतात. मी चौकशी केली नाही. चांगल्या गोष्टीची चौकशी करू नये.

पण लोक त्यांच्यावर खूश असायचे ते वाघामुळे. पेंचच्या रस्त्याला लागलो की भाऊंची गोष्ट सुरू व्हायची, आणि खवासाकडे जाणारे ट्रक मागे पडायचे तसा वाघ लांबत जायचा. मानकापूरला तो आठ फूट असला तर मनसरला बारा व्हायचा. "थो मोठा नर मले पाहून मान हलवते. एक डाव तर गाडीपाशी येऊन उभा राह्यला. म्हटलं, काय बाप्पा, रस्ता दे. देला ना त्यानं!" मागच्या सीटवरची पोरंबाळं आईला चिकटायची, बाप लोक कॅमेरे पुसायला घ्यायचे. मी स्वतः काही कमी थापाड्या नाही, धंदाच तसा आहे. पण भाऊंपुढे मी म्हणजे शपथपत्र लिहून देणारा माणूस.

जंगलाचा एक नियम मात्र सांगायला हवा. बाहेरची गाडी आत जात नाही. पर्यटक गेटवर उतरतात, तिथल्या उघड्या जीपमध्ये बसतात, सोबत गावातला गाईड असतो. नागपूरहून आलेला ड्रायव्हर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर थांबतो. त्या टपरीवर भाऊंचा दरबार भरायचा. ड्रायव्हर, गाईड, कधी एखादा वनरक्षक. वाघ कधी उठतो, कुठून उतरतो, कोणतं जनावर ओरडलं की कुठे गाडी न्यायची, याचे भाऊंनी चालता चालता नियम सांगायचे आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. कधी जीपमध्ये जागा रिकामी राहिली आणि कुणी म्हणालं, "भाऊ, चला आत," तर भाऊ हात उडवायचे. "आमचं रोजचंच हाय. तुमी पाहून या. माया नमस्कार सांगा त्याले."

गेल्या वर्षी उन्हाळा लागताना एका सकाळी भाऊ ऑफिसात आले, टेबलासमोर उभे राहिले आणि हलले नाहीत. गुडघा नाही, मान नाही. मी घाबरून आधी त्यांना पाणी दिलं.

"मॅनेजर, डोळे चालले माये."

काचबिंदू. दोन्ही बाजूंचं दिसणं गेलं होतं. समोरचं तेवढं उरलं होतं. "बोगद्यातून पाहावं तसं दिसून राह्यलं," ते म्हणाले. डॉक्टरांनी गाडी त्या दिवसापासून बंद केली होती, आणि गेलेलं परत येत नाही, उरलेलंही वर्ष-दीड वर्षात जाईल असं सांगितलं होतं. भाऊंनी गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवली. मी ती उचलली नाही.

"एक काम करा माह्यासाठी," ते म्हणाले. "मले वाघ दाखवा."

मी हसलो. "तुम्हाला? तुम्ही तर..."

"नाई पाह्यला. एकबी नाई. शेपटीबी नाई."

बाहेर एक रिक्षा हॉर्न वाजवत उभी होती. ती गेल्यावर ते पुढे बोलले. "पह्यल्या वर्षी एका बाईनं इचारलं, ड्रायव्हर, तुमी पाह्यला असन वाघ. म्या हो म्हटलं. मंग थो हो वाढतच गेला. जीपमदी जागा खाली राह्यची, लोक बोलवत. पर आत गेलो अन् पहिल्यांदा वाघ दिसून माही बोबडी वळली, तर गाईडले समजन ना! मंग काय इज्जत राहीन टपरीवर?"

म्हणजे गेटपासून वाघ दोन-तीन किलोमीटरवर, आणि हा माणूस इतकी वर्षं आपल्याच थापेचं कुलूप लावून बाहेर उभा. आता डोळे जायच्या आत त्यांना आत जायचं होतं, आणि कुणाला कळूही द्यायचं नव्हतं.

सोय नागपूरच्या उन्हाने केली. मे महिन्यात इथे दुपट्टा तोंडाला गुंडाळल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. सख्खा भाऊ समोरून गेला तरी ओळखू येत नाही. परवान्यावर आधारकार्डाचं नाव लागतं, आणि वासुदेव गणपतराव म्हणजे भिंगरीभाऊ हे टपरीवर कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. मी जीपच्या सगळ्या जागा आम्हा दोघांसाठीच घेतल्या. दोघांनीही तोंडं गुंडाळली. भाऊंची मिशी दुपट्ट्यात कोंबायला मात्र वीस मिनिटं लागली.

दुपारच्या फेरीला आम्ही आत शिरलो. गाईड होत्या कुंदाताई, पारशिवनीकडच्या एका गावच्या. खाकी गणवेश, पायात कॅनव्हासचे बूट, आणि नजर अशी की पानाआड बसलेला सरडाही ओशाळावा. सागाची पानं झडून गेली होती, जंगल आरपार दिसत होतं. जीप दहा मिनिटं चालली असेल तोच त्या मागे वळल्या.

"काका, पाय थांबवा ना जरा. गाडी हलून राह्यली. अगदी आमच्या भिंगरीभाऊसारखं हाय तुमचं."

"कोण हे भिंगरीभाऊ?" मी विचारलं. सज्जन माणसाने विचारलं नसतं.

"नागपूरचे ड्रायव्हर हाय. त्याइनं शंभराच्या वर वाघ पाह्यले. त्याइच्यापासूनच शिकलो आमी लय काई."

दुपट्ट्याच्या आतून खोकल्यासारखा एक आवाज आला.

दोन तास आम्ही फिरलो. नीलगाय, मोर, रानगवा, सगळे दिसले, वाघ नाही. शेवटी एका पाणवठ्यापाशी कुंदाताईंनी जीप थांबवली. चिखलात ताजे ठसे होते. भाऊ कधी सीटवर, कधी उभे, कधी मागच्या दांडीला लटकलेले. उन्हं कलायला लागली होती, आणि ऊन जसं उतरत होतं तशी त्यांची वळवळ वाढत होती. एवढ्यात डावीकडून चितळ ओरडलं. तीक्ष्ण, एकदा, पुन्हा एकदा. वाघ जवळ असल्याची खूण.

कुंदाताई काही क्षण पाण्याकडे बघत राहिल्या. मग जीपवाल्याला म्हणाल्या, "घे नाल्याकडं."

"का? इथेच ठसे आहेत ना?" मी म्हटलं.

"माह्या मनात बी इथंच थांबा असंच येते, साहेब. पर भिंगरीभाऊचा नियम हाय. चितळ डाव्या अंगानं ओरडलं का वाघ उजव्या नाल्यात उतरते. आमी नेहमी तिकडंच जातो."

"अन् दिसते का तिकडं?" हा प्रश्न दुपट्ट्यातून आला.

"कवा कवा. बहुतेक नाई. आमचं नशीब, दुसरं काय."

जीपचं इंजिन सुरू झालं. भाऊ माझ्याकडे पाहत होते. त्यांना नीट दिसावं म्हणून मी त्यांच्या समोर मान नेली. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला मोठं करून सांगावं लागत नाही. टपरीवर चहाच्या घोटाबरोबर सोडून दिलेली एक थाप किती गाड्यांना पाणवठ्यावरून उठवून रिकाम्या नाल्यात घेऊन गेली होती, ते त्यांना तेव्हा समजलं. आणि आता तीच त्यांनाही घेऊन निघाली होती.

त्यांनी दुपट्टा सोडला. मिशी बाहेर आली.

"थांब वं ताई. थो नियम खोटा हाय."

कुंदाताई सीटवरून अर्ध्या उठल्या. "भाऊ? तुमी?"

"म्या बनवला थो. चहा पेता पेता. म्या एकबी वाघ नाई पाह्यला अजून. अन् आता डोळेबी चालले माये. तू रोज येतं इथं. तुह्या मनात काय येते, थेच कर."

जीपवाला इंजिन बंद करून वळून बसला. कुंदाताईंनी भाऊंना मिशीपासून पायापर्यंत न्याहाळलं. मला वाटलं आता काही खरं नाही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "माह्या मनात येते, चूप बसा. अन् हलू नका. जमन का?"

"जमन."

आणि भाऊ बसले. दोन्ही हात मांडीवर, पाठ टेकलेली, गुडघा दगडासारखा. नाकावर एक माशी बसली, फिरली, कंटाळून गेली. माझ्या कपाळावरून घाम ओघळला, माझा पाय आखडला, मी तीनदा कूस बदलली. भाऊ नाही. अर्धा तास झाला, त्याहूनही जास्त झाला. चितळ पुन्हा ओरडलं नाही. पानावर पान पडल्यासारखा काहीतरी आवाज झाला. कुंदाताईंनी हळूच हात मागे आणला, भाऊंची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि थोडी डावीकडे वळवली.

"नाकासमोर पाहा, भाऊ."

वाघीण होती. मी प्रत्येक गोष्ट दुपटीने सांगणारा माणूस, पण ती जेवढी होती तेवढीच सांगतो. ती पाण्यापाशी आली, वाकली, आणि पाणी पिऊ लागली. तिच्या जिभेचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. भाऊंच्या उरलेल्या नजरेच्या बरोबर मधोमध ती होती. पिऊन झाल्यावर तिने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि बांबूत निघून गेली. कुणालाही पाहून तिने मान हलवली नाही.

गेटवर भाऊ दुपट्टा न गुंडाळताच उतरले. टपरीवरचे सगळे धावले. "अबे, भिंगरीभाऊ! आत गेलते? दिसला का?"

"वाघीण दिसली."

"केवढी व्हती, भाऊ? बारा फूट?"

भाऊंनी सवयीने दोन्ही हात पसरले. पसरलेल्या हातांकडे एकदा पाहिलं आणि ते खाली घेतले.

"मले पुरली," ते म्हणाले.

टपरीवाल्याने विचारलं, "आज काई नवा नियम, भाऊ?" भाऊंनी कुंदाताईंकडे बोट केलं. "तिले इचारत जा. मी चूक सांगत होतो." कुणाचा विश्वास बसला नाही. खरं बोलणाऱ्या भिंगरीभाऊंची त्यांना सवय कुठे होती? कुंदाताई मात्र हसल्या. त्यांची जीप आता पाणवठ्यावरून उठत नाही, आणि त्यांच्या गाडीत जागा मिळावी म्हणून लोक मला आधीपासून फोन करून ठेवतात.

भाऊंची गाडी आता दुसरा ड्रायव्हर चालवतो. रस्त्यातली वाघाची गोष्ट मला फोनवरून सांगावी लागते. माझा वाघ मनसरपर्यंत दहा फुटांच्या पुढे जात नाही, अजून शिकतो आहे.

या हिवाळ्यात मी शहराच्या कडेला, बेसाला, त्यांच्या मुलाच्या फ्लॅटवर गेलो. पैज मी हरलो होतो, म्हणून संत्र्यांची पेटी घेऊन गेलो. दार उघडणारी सून म्हणाली, "बाबा बाल्कनीत आहेत. दिवसभर तिथेच बसतात. आता दिसत काहीच नाही, तरी समोर बघत असतात."

बाल्कनीसमोर अर्धवट बांधलेली एक इमारत होती, त्यापुढे रिकामा प्लॉट. भाऊ खुर्चीत बसले होते. दोन्ही हात मांडीवर, पाठ टेकलेली. मी पेटी फरशीवर आपटल्यासारखी ठेवली, "भाऊ!" म्हणून हाक मारली आणि सवयीप्रमाणे कठड्याला टेकून पाय हलवायला लागलो.

त्यांनी मान न वळवता हात वर केला.

"हळू, मॅनेजर. बसा पहिले. थे अजून पाणी पिऊन राह्यली."

मी बसलो.