दाजींनी निवडलेलं रीळ

कोडोलीच्या शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावून मी खुर्चीत टेकलो होतो. तेवढ्यात कोल्हापूरहून सायकल मारत आलेला एक ओळखीचा माणूस दारात उभा राहिला आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मास्तर, चला. तुमचं दाजी गेलं." आमच्याकडे वाईट बातमीसुद्धा हळू आवाजात सांगत नाहीत. पाढे थांबले. मी पगडी उचलली, टांगा मिळतो का पाहिला, मिळाला नाही, तेव्हा एका बैलगाडीत बसलो आणि पंचगंगेच्या पुलापर्यंत काहीही विचार न करता नुसता रस्ता बघत राहिलो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. त्यांचा दमा जुना होता, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. त्यानंतरचे काही आठवडे येणाऱ्याजाणाऱ्यांशी तेच तेच बोलण्यात गेले. "फार चांगला माणूस हुता" असं प्रत्येकजण म्हणे आणि मी मान हलवी. चांगला म्हणजे कसा, हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि सांगण्याइतका हुरूप मलाही नव्हता. आज लिहायला बसलो आहे तो अक्कानं सांगितलं म्हणून.

दाजी संस्थानच्या बांधकामावर ओव्हरसियर होते. महाराजांनी पाण्याची कामं मनावर घेतली त्या दिवसांत ते एका गोऱ्या इंजिनियरसाहेबाच्या हाताखाली होते, आणि त्या साहेबानं त्यांना एक खूळ लावलं. गळाला गांडूळ न लावता कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर अलगद टाकायची, आणि मासा फसेल म्हणून उभं राहायचं. सारं कोल्हापूर संध्याकाळी तालमीकडे निघे तेव्हा दाजी काठी घेऊन पंचगंगेकडे निघत. घाटावरचे लोक विचारीत, "काय पावणं, आज कोंबडं कापलं का मासा धरला?" दाजी हसत. साहेब पेन्शनीत निघाला आणि निलगिरीच्या डोंगरात जाऊन राहिला. जाताना त्यानं सांगितलं की तिथल्या गार ओढ्यांत विलायतेहून आणून सोडलेला ट्राउट नावाचा मासा आहे, ही माशी खरी त्याच्यासाठीच आहे, एकदा ये. एकदा जायचं, ट्राउट धरायचा, एवढं एकच दाजींच्या मनानं घेतलं. नोकरी, घर, दमा, सगळं सांभाळून त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. आणि जायचं तर रीळ चांगलं हवं.

रीळ म्हणजे काठीच्या मुठीपाशी बसवायची चरखी. तिच्यावर रेशमी दोरी गुंडाळलेली असते. मासा लागला की तो पळतो, दोरी ओढतो, तेव्हा चरखी मोकळी फिरली पाहिजे. अडकली की दोरी तुटते आणि मासा गेला. एवढंसं यंत्र, पण ते निवडायला दाजींनी मला बेळगावच्या इतक्या खेपा घडवल्या की त्या स्टेशनावरचे हमाल आम्हाला रामराम करू लागले. कॅम्पात एका मुल्लाणी चाचांचं शिकारीच्या सामानाचं दुकान होतं. लाकडाचं रीळ दिसायला सुंदर, पण दाजी म्हणाले की पाण्यात फुगेल. पत्र्याचं एक हलकं होतं, ते दगडावर पडलं तर चेपेल म्हणून नको. एकाला इतके स्क्रू होते की त्यातला एक तरी ओढ्यात पडणारच. दाजी प्रत्येक रीळ कानाशी धरून मूठ फिरवीत आणि डोळे मिटून आवाज ऐकत. चाचा वैतागून म्हणाले, "ओव्हरसियरसाब, लडकी बघताय का रीळ? लडकीला पण एवढे कुणी फिरवत न्हाय!" दाजी शांतपणे म्हणाले, "चाचा, लगीन एकदाच हुतंय, रीळबी एकदाच घ्यायचं. माझ्या माघारी चाललं पायजे." शेवटी एक तोफेच्या धातूचं, जड, काळसर रीळ त्यांना पसंत पडलं. मधला एकच मोठा स्क्रू नाण्यानं फिरवला की ते उघडे, आणि चाकाला गोल भोकं होती. भोकांतून वारा जाऊन दोरी वाळते, कुजत नाही, म्हणून त्या भोकांवर दाजींचा विशेष जीव. परतीच्या गाडीत ते रीळ मांडीवर घेऊन बसले आणि मिरजेपर्यंत किर्र किर्र करीत राहिले. समोरच्या बाकावरच्या बाईचं तान्हं मूल त्या आवाजानं झोपलं, एवढाच काय तो मला फायदा.

अक्काला आधी ते रीळ आवडलं नाही. "माझ्यापरीस त्येलाच जास्त पुसताय," म्हणायची. पण निलगिरीला जायचं नक्की झालं तेव्हा दसरा तोंडावर आला होता. खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. त्या वर्षी अक्कानं विळी, कुऱ्हाड, दाजींची मोजपट्टी आणि सासऱ्यांची जुनी तलवार यांच्या ओळीत ते रीळही मांडलं. त्याला हळद लावली, कुंकू लावलं, आणि हात जोडून वर मूठभर अक्षता टाकल्या. "यास्नी यश दे," एवढंच म्हणाली. दाजी तेव्हा पाटावर बसून लाजल्यासारखे हसत होते. पूजा झाल्यावर तिनंच ते फलालीनच्या पिशवीत घालून तोंड बांधलं. त्यांच्या छातीचा भरवसा नाही म्हणून मी सोबत जावं, हे ठरवणारीही तीच.

लांबचा प्रवास, मग डोंगरातली ती खेळण्यासारखी गाडी, आणि वर गेल्यावर अशी थंडी की दाजींचा श्वास पहिल्याच रात्री वाजू लागला. साहेब म्हणाला, थांब दोन दिवस. दाजी थांबले नाहीत. सकाळी धुक्यात ते गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मी काठावर घोंगडं घेऊन बसलो होतो. माशी तिसऱ्या की चौथ्या खेपेला पाण्यावर पडली, आणि खालून काहीतरी चमकून वर आलं... दाजी ओरडले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे वळून पाहिलं. तो चेहरा मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता आणि पुढेही कधी पाहिला नाही. मासा निघाला प्रवाहाच्या खालच्या अंगाला. रीळ किर्र करीत सुटलं. मासा एकदा हवेत उडाला, कुशीवरचे ठिपके स्पष्ट दिसले. आणि त्याच क्षणी रीळ खट् करून थांबलं. काठी वाकली, दोरी तुटली, पाणी पुन्हा आपलं वाहू लागलं.

काठावर येऊन दाजींनी खिशातलं नाणं काढलं आणि स्क्रू फिरवला. चाकाच्या दातांत हळदीनं पिवळा झालेला एक तांदूळ अडकला होता, अर्धा चिरडलेला. त्या भोकांतूनच आत गेलेला. मी काही बोलण्याआधी ते म्हणाले, "मास्तर, अक्काला कळता कामा न्हाय. तिनं यश मागितलं हुतं." मी म्हटलं, "मग तो दाणा द्या टाकून." तर म्हणाले, "पूजेची अक्षता हाय. पायाखाली कशी टाकू?" आणि तो दाणा त्यांनी पिशवीच्या तळाशी सारला. दुपारी त्यांना ताप भरला. उरलेले दिवस साहेबाच्या बंगल्यात शेकोटीपाशी गेले आणि पाण्यात उतरणं पुन्हा झालं नाही. घरी आल्यावर अक्कानं विचारलं तेव्हा दाजी म्हणाले, "पाणी गढूळ हुतं. मासा लागलाच न्हाय." मी मान डोलावली. दमा वाढत गेला आणि पुन्हा एवढ्या थंडीत जायचं नाव कुणी काढलं नाही.

रीळ मात्र कोनाड्यात राहिलं. संध्याकाळी श्वास लागला की दाजी ते कानाशी धरून हळूहळू मूठ फिरवीत, आणि स्वयंपाकघरात अक्काचे हात चालू राहत. पुढच्या प्रत्येक खंडेनवमीला रीळ त्या ओळीत असे, पण अक्का त्याच्या शेजारी नुसतं झेंडूचं फूल ठेवी. बाकी सगळ्यांवर अक्षता पडत, त्याच्यावर नाही. मला वाटे, यश दिलं नाही म्हणून तिचा त्याच्यावर राग आहे.

परवा सगळे पाहुणे गेल्यावर मी तिला भेटायला गेलो. घर झाडून ठेवलं होतं, कोनाड्यात रीळ होतं, आणि समोर तिचा कुंकवाचा करंडा. कपाळ रिकामं होतं. मी नजर वळवली. "बघ की, त्यात काय हाय," ती म्हणाली. "कुंकू आता मला काय करायचं, म्हनून रिकामा कराय काल उघडला." मी झाकण काढलं. कुंकवात रुतलेला, कडेनं काळा पडलेला, अर्धा चिरडलेला तांदूळ.

"तुमी आल्यावर पिशवी धुवाय घेतली तवा गावला, तवाच ह्यात जपून ठिवला," ती म्हणाली. "यंत्राच्या दाताची खूण दिसतीया की त्येच्यावर. मला कळलं. पर त्यांनी सांगितलं न्हाय, म्हनून मीबी इचारलं न्हाय. त्यास्नी वाटायचं मला ठावं न्हाय. वाटू दिलं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. अक्का रडली नाही. मी गप्प झाल्यावर तिनं विचारलं, "मासा केवढा हुता रं? एवढी वर्सं पोटात ठिवलंयस. खरं सांग."

मी दोन्ही हात पसरून दाखवलं.

"ते पंचगंगंचं मासं वाढवून सांगायचं, तसं सांगू नगंस."

मी हात थोडे जवळ आणले. ती त्या हातांमधल्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली. "चांगला हुता की," म्हणाली. "तू लिवतोस न्हवं? लिव हे. मासा लागला हुता म्हनून लिव." मग उठून तिनं कोनाड्यातलं रीळ घेतलं, दाजी धरीत तसं कानाशी धरलं, आणि अडखळत मूठ फिरवली. किर्र, किर्र... कुठेही न अडकता ते फिरत राहिलं.

"बघ," अक्का म्हणाली, "आता कसं चांगलं फिरतंय."