देवाजीमामाची कानतपासणी

मामी फोनवर नेहमी ओरडून बोलते. सिमेंट कारखान्याच्या मिलखात्यात लोखंडी गोळ्यांनी भरलेलं अजस्र पिंप अखंड फिरत असतं. देवाजीमामानं तिथे सगळी नोकरी काढली आणि कान तिथेच ठेवून आला. त्यामुळे त्या घरात हळू बोलायची कुणाला सवयच नाही. गेल्या महिन्यात मूल गावात, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तिचा फोन आला. "बाई, तुझा मामा गेला वो," ती म्हणाली, तेही इतक्या हळू की मला दोनदा विचारावं लागलं... सकाळी अंगणात चहा पिता पिता कलंडला, एवढंच.

मामा माझ्या आईचा मोठा भाऊ. शाळा तिसरीपर्यंत, पण युनियनचा प्रतिनिधी. आमच्या खानदानात पहिली पदवी माझी, ब्रह्मपुरीच्या कॉलेजची, हे मी कुठेही सांगते. मामा माझ्यापेक्षा जास्त सांगायचा. युनियनचा अर्ज लिहायचा असला की "लिवणारी आमच्या घरची आहे" म्हणत कागद घेऊन माझ्याकडे यायचा. तो रिटायर झाल्यावर असाच एक गठ्ठा आला. निवृत्त कामगारांच्या मेडिकल कार्डावर कानाचा उपचार आणि कानाचं मशीन द्यायला कंपनी नाही म्हणत होती. मिलखात्यातलं बहिरेपण कामानं आलं, हे युनियनचं म्हणणं. कंपनीनं उत्तरात दरवर्षीच्या कानतपासणीचे कागद जोडले होते. प्रत्येक माणसाचे कान शेवटच्या वर्षापर्यंत नॉर्मल, आणि खाली ज्याची त्याची सही.

"मामा, कागदावर तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," मी त्याच्या तोंडासमोर ओरडले. मामा ओठ वाचायचा. हसला, मग खाली बघून म्हणाला, "मीच शिकवलं ना सगळ्याईले." तपासणीत कानाला हेडफोन लावत आणि आवाज ऐकू आला की बटन दाबायला सांगत. समोर काचेपलीकडे कंपाउंडर मशीनचं बटन फिरवायचा. मामानं नव्या-जुन्या सगळ्यांना मंत्र दिला होता, "आवाजाकडं ध्यान देऊ नको, त्याच्या बोटाकडं दे. बोट हाललं का दाब." कारण एकदा एकाला अनफिट ठरवून घरी बसवलं होतं, आणि त्या भीतीनं सगळं खातं बोटं बघून पास होत आलं. नोकऱ्या वाचल्या. आता तेच कागद त्यांच्यावर उलटले होते.

मी शिकलेली. मी लगेच तोड काढली आणि अर्जात लिहिलं, तपासणीचं मशीन सदोष होतं. मामानं तो अर्ज बोट ठेवत ठेवत वाचला. "खोड हे. मशीन बराबर होती. त्या कंपाउंडरची नोकरी जाईन ना." मी म्हटलं, मग तू काय सांगणार? "झालं थे सांगन." मामी चुलीपासून ओरडली, "म्हातारपणी खरं बोलाची हौस आली याले! कार्ड बंद केलं तं माह्या शुगरच्या इंजेक्शनचं कसं करतस?" मामीचं सगळं औषधपाणी त्याच कार्डावर होतं. हे मामानं ऐकलं नाही असं नाही. तिचं तोंड त्याच्याकडेच होतं.

चंद्रपूरला लेबर ऑफिसात सुनावणी झाली, मी सोबत गेले. मामानं सगळं सांगितलं, स्वतःचं नाव आधी घेऊन. कंपनीचे साहेब म्हणाले, "तेव्हा फसवत होतात, आता खरं बोलताय हे कशावरून?" मामा उठला, सगळ्यांकडे पाठ करून भिंतीच्या कपाटासमोर उभा राहिला. "बोला साहेब, का बोलाचं थे बोला." साहेबांनी हाक मारली, परत मारली. मग फाईल मिटत म्हणाले, "खोट्या तपासणीबद्दल तुमचं कार्ड रद्द करू. चालेल?" सगळी खोली मामाच्या पाठीकडे बघत होती. मामा कपाटाकडे तोंड करून उभाच. थोड्या वेळानं वळला आणि मला विचारलं, "झालं का या साहेबाईचं बोलून?"

साहेब काय म्हणाले ते मी परतीच्या बसमध्ये सांगितलं. "बरं झालं ऐकू नाई आलं," मामा म्हणाला, "नाईतं मान वळली असती..."

निवृत्तांची फेरतपासणी झाली आणि कार्डावर कानाची मशीनं मिळू लागली. मामाच्या अंत्ययात्रेला आलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या कानात ती होती. मामाचं कार्ड मात्र चौकशीत अडकलं. मामी त्याला रोज टोमणे मारायची, आणि इंजेक्शनसाठी बसनं चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात जायची. मामा पिशवी धरून सोबत.

परवा मृत्यूचा दाखला घेऊन मी कंपनीच्या दवाखान्यात गेले. मामीच्या नावानं तरी कार्ड चालू करा, असा अर्ज दिला. "वर पाठवतो," क्लार्क म्हणाला. बाहेर पडताना तपासणीच्या खोलीचं दार उघडं दिसलं. कामगाराची खुर्ची आता भिंतीकडे तोंड करून ठेवतात. एक जण हेडफोन लावून बसला होता, कंपाउंडरकडे पाठ. त्याचा अंगठा बटनावर होता, पण तो घाई करत नव्हता. भिंतीकडे बघत, आवाज येईपर्यंत थांबला होता.