चाळीस दिवसांचा वाटा

देओदातने आयुष्यात अकरा मेलेल्यांचं जेवण खाल्लं, आणि अकराही वेळा मी त्याच्याकडे बघत बसलो.

आमच्या गावातल्या साधूंच्या ठाण्याचा, म्हणजे मठाचा, नियमच तसा आहे. पांढऱ्या झग्यावर लाल क्रूस लावणारा कुणी भाऊ वारला, की त्याचं जेवण लगेच थांबत नाही. तो जिवंत असता तर त्याच्या पुढ्यात जे आलं असतं तेच, तेवढंच, चाळीस दिवस गावातल्या एका गरिबाला द्यायचं. पाव, वाइन, आठवड्यातून तीनदा मटण. गरिबाने घास घेण्याआधी मेलेल्याचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी प्रार्थना म्हणायची. हे भाऊ म्हणे लढवय्ये साधू आहेत, पवित्र भूमीत तलवार चालवतात. असतील. आमच्या या लार्झाकच्या पठारावर येतात ते लढून थकलेले, नाहीतर कधीच न लढलेले. इथे ते मेंढ्या पाळतात, चीज करतात, समुद्रापलीकडे घोडे नि लोकर पाठवतात. वय झालेलं असल्यामुळे मरतातही बऱ्यापैकी नेमाने. आणि दर वेळी तो वाटा जायचा देओदातला.

देओदात आणि मी एकाच वर्षाचे. आमचा बाप्तिस्माही एकाच दिवशी, एकाच पाण्यात झाला. पाद्रीबाबांनी आधी त्याला बुडवलं. आई सांगायची की माझी पाळी येईपर्यंत पाणी गार पडलं होतं आणि मी गळा काढून रडलो. तेव्हापासूनच हे असं चालत आलंय.

तो दगडी कौलं बसवायचा. हात चांगला होता त्याचा, हे मला मान्य करावं लागतं. पण हातापेक्षा तोंड जास्त चालायचं. छपरावर बसून खाली जाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी बोलायचा आणि लोक हसत पुढे जायचे. रिक्सेंदा सगळ्यांत जास्त हसायची. मी तिच्याशी लग्न केलं, म्हणजे जिंकलो मीच. पण आज तीस वर्षं झाली, देओदातचं नाव निघालं की ती अजून हसते. मी आख्खी गोष्ट सांगितली तरी तिच्या ओठाची कड हलत नाही.

ठाण्याच्या चर्चचं छप्पर घालत होते तेव्हाची, अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दगड वर द्यायला माणूस कमी होता आणि त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो, मला मेंढ्या बघायच्यात. त्या दुपारी देओदात छपरावरून पडला आणि त्याच्या कमरेचं हाड मोडलं. ते पुन्हा नीट जुळलंच नाही. भावांच्या ठाणेदारांनी सांगितलं, हा आमच्या छपरावरून पडला, आता हा आमचा गरीब. झालं! त्याला फाटकाजवळ एक खोली मिळाली आणि फाटकाशेजारच्या दगडावर कायमची जागा.

मी पण त्यांच्याच मेंढ्यांमागे तीस वर्षं चाललो. थंडीत डाव्या हाताची दोन बोटं गेली, गुडघे गेले. पण मी कुठून पडलो नव्हतो. बोटं हळूहळू गेली, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांत आली नाहीत.

एकदा मी घरात म्हणालो, “त्या दिवशी छपरावर मी असतो ना, तर आज मटण मी खाल्लं असतं.”

रिक्सेंदा लोकर पिंजत होती. तिने हात थांबवला. “अरे, मग जा की. छप्पर आहे अजून तिथेच. चढ आणि पड.”

“तुला मस्करी सुचतेय.”

“मस्करी कसली? माणूस दुसऱ्याच्या भाकरीवर जळतो हे ठाऊक होतं. मोडलेल्या कमरेवर जळणारा तूच पहिला.”

देओदात जेवायचा ते पण कसं! गुपचूप खाऊन उठावं ना? नाही. आधी तो मेलेल्या भावाबद्दल दहा जणांना विचारून यायचा. मग कुबडी बाजूला ठेवून दगडावर बसायचा, मोठ्याने नाव घ्यायचा, प्रार्थना म्हणायचा आणि घासाघासाला त्या भावाच्या गोष्टी सांगायचा. हा भाऊ घोड्याला घाबरायचा, तो भाऊ झोपेत गायचा. पाणी भरायला आलेल्या बायका थांबायच्या, गाडीवाले थांबायचे. जिवंतपणी ज्याला कुणी ओळखलं नाही असा भाऊ चाळीस दिवसांत गावाचा लाडका व्हायचा. मी कळप घेऊन तिथून जायचो तेव्हा देओदात हात वर करून ओरडायचा, “ये गिराल, वास तरी घे!” लोक हसायचे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग भाऊ गोसेल्म वारले. ते मेंढवाड्याचे मुख्य. वीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली होती. कुठली मेंढी अडली, कुठल्या कोकराला पाजायचं, सगळं आम्ही दोघांनी मिळून केलं. शेवटच्या आजारात मी त्यांना ताक नेऊन द्यायचो. गुडघ्यांमुळे माझं काम तेव्हा सुटलं होतं, घरात वाटाण्याच्या कढणाशिवाय काही शिजत नव्हतं. म्हणजे मी गरीबही होतो आणि त्यांचा माणूसही होतो. हा वाटा माझा, यात मला शंका नव्हती. मी सदरा धुऊन फाटकाशी गेलो. दानधर्म बघणारे भाऊ आदेमार भांडं घेऊन बाहेर आले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि सरळ दगडाकडे गेले.

“आदेमार भाऊ,” मी म्हणालो, “गोसेल्म माझे होते.”

“तुझे होते, गिराल. पण देओदात लोकांना त्यांची आठवण करून देतो. लोक प्रार्थना करतात. त्यांच्या आत्म्याला तेच हवंय.”

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. देओदात दगडावर बसून गोसेल्मची गोष्ट सांगत होता. माझ्याकडूनच कधीतरी ऐकलेली, अडलेल्या मेंढीची. माझी गोष्ट, माझा माणूस, आणि रस्सा ह्याच्या हनुवटीवर.

मी सगळ्यांदेखत विचारलं, “काय रे देओदात्या, तू मेल्यावर तुझं कोण खाणार?”

तो हसायच्या तयारीत होता.

“कुणी नाही,” मीच सांगितलं. “तू भाऊ थोडाच आहेस? तुला पुरतील, वर दोन ढेकळं टाकतील, आणि संध्याकाळपर्यंत विसरतील.”

त्याने पाव भांड्यात ठेवला. भांड्याकडे बघत म्हणाला, “खरं आहे.” पाण्याच्या बायका घागरी उचलून चालत्या झाल्या. मी घरी जाईपर्यंत खूश होतो. खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशीही खूश होतो.

त्या हिवाळ्यात देओदातला खोकला लागला. वाढतच गेला. भावांनी त्याला आपल्या आजाऱ्यांच्या खोलीत हलवलं. ठाणेदारांनी विचारलं, तुला काही हवंय का? मला वाटलं, हा मटण मागेल. त्याने झगा मागितला. “मला भाऊ करून घ्या,” म्हणाला. “ज्या छपरावरून पडलो त्याच छपराखाली तुमचा होऊन मरतो.” ठाणेदारांनी खरोखरच त्याला झगा पांघरला, शपथ दिली. दगडी कौलं बसवणारा देओदात भाऊ देओदात झाला.

ही बातमी मला रिक्सेंदाने दिली आणि मी खाटेवर बसलो. झगासुद्धा! तीस वर्षं मेंढ्यांमागे चालून मला त्यांचा जुना बूट मिळाला नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला ही वाट मीच दाखवली होती. भाऊ झाला, म्हणजे आता त्याचाही वाटा निघणार, त्याचंही नाव कुणीतरी चाळीस दिवस घेणार. कोण खाणार असेल? फाटकाजवळचा आंधळा? गाडीवाल्याचा बाप? मी रात्रंदिवस तोच विचार करत होतो आणि एकदाही त्याला भेटायला गेलो नाही.

ईस्टरपर्यंतचा मोठा उपास सुरू होण्याआधीच्या मंगळवारी संध्याकाळी तो गेला. सकाळी आदेमार भाऊ स्वतः माझ्या दारात आले. “चल,” म्हणाले. “तुझं नाव सांगून गेलाय.”

मी सदरा धुतला नाही. होता तसाच निघालो. अठरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते भांडं माझ्या हातात आलं आणि मी झाकण काढलं.

वाटाण्याचं कढण. सोबत खारवलेल्या माशाचा तुकडा.

“हे काय?”

“आज राखेचा बुधवार, गिराल. उपास लागला. ईस्टरपर्यंत भावांना मटण नाही. त्यांना जे, तेच तुला.”

मी बोटांवर हिशोब केला. चाळीसावा दिवस ईस्टरच्या बरोबर एक आठवडा आधी संपत होता. एकही दिवस मटणाचा नाही. आदल्याच दुपारी सगळ्या गावाने उपासाआधीचं म्हणून पोट फुटेपर्यंत खाल्लं होतं. मी शपथेवर सांगतो, तो लबाड श्वास धरून मंगळवार संपायची वाट बघत होता. घरी सांगितलं तर रिक्सेंदा इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग हसता हसता रडायला लागली.

पण घरी जाण्याआधी, त्या पहिल्या दिवशी, मी तसाच दगडावर बसून होतो. नाव तोंडातून निघेना. आदेमार भाऊ शेजारी उभे होते.

“मी त्याला विचारलं होतं,” ते म्हणाले, “गिरालच का? तो तर तुझ्यावर जळतो. तर म्हणाला, ‘म्हणूनच. जन्मभर माझ्याकडे त्याच्याइतकं कुणी बघितलं नाही. बाकीचे माझं चांगलं तेवढं सांगतील आणि दोन दिवसांत त्यांचं संपेल. त्याला सगळं माहीत आहे.’”

कढण गार झालं. मी म्हणालो, “भाऊ देओदात.” प्रार्थना म्हटली आणि खाल्लं.

पाण्याच्या बायका थांबल्या. सवयच होती त्यांना. एकीने विचारलं, “मग? कसा होता हा भाऊ?” मी म्हणालो, एक नंबरचा बोलघेवडा. आमचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला, आणि आधी त्याला बुडवलं. बायका हसल्या. मला आधी वाटलं त्या त्यालाच हसतायत, पण गोष्ट तर मी सांगत होतो. दुसऱ्या दिवशी मी छपराची सांगितली, तिसऱ्या दिवशी रिक्सेंदाची. रोज वाटायचं, आज संपेल. तो पाव कसा मोडायचा, कुबडी कुठल्या बाजूला ठेवायचा, पाऊस येणार असला की कमरेला हात कसा लावायचा, सगळं माझ्यापाशी होतं. दगडावर त्याला काय बोललो, तेही मी एक दिवस सांगितलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. चाळीस दिवस पुरले नाहीत मला.

एकेचाळिसाव्या दिवशी भांडं आलं नाही. मी घरून पाव नेला होता. दगडावर बसलो, नाव घेतलं आणि खाल्ला.

तुम्हाला वाटेल माझा जळफळाट संपला. कुठला संपतोय! आता तर जास्तच. त्याच्याकडे जन्मभर टक लावून बघणारा मी होतो. माझ्याकडे कोण बघत होतं? परवा मी रिक्सेंदाला विचारलं, “मी गेल्यावर माझ्याबद्दल चाळीस दिवस कोण बोलेल गं?”

तिने लोकरीतून मान वर केली नाही. “तो बोलला असता,” म्हणाली. “रोज विचारायचा मला, गिरालचे गुडघे कसे आहेत म्हणून.”