टेन्शनचं काही नाही

१४ मार्च. यानाच्या इंधनटाकीचे वेल्ड मी तपासत होते. धोक्याचा हिशोब मांडणारे आमचे इंजिनिअर येऊन उभे राहिले. टेक्सासमध्ये मुरलेले नागपूरकर. गाडी लॉक केल्यावरही परत जाऊन हँडल ओढून बघणारे. भेगांचा धोका नगण्य, या यांच्याच शब्दावर अर्ध्या टाक्यांची भेगतपासणी उद्यापासून कॅन्सल झाली होती.

"टेन्शनचं काही नाही जी, मॅडम," ते म्हणाले. टेन्शन असलं की ते हेच म्हणतात. "पण मी हिशोबात पास झालेल्याच टाक्या धरल्या. भेगावाल्या तुम्ही आधीच बाजूला काढता ना? म्हणून तर धोका कमी दिसला."

"काढतेच. बॉसला सांगा."

"सांगितलं. पुढच्या रिव्ह्यूत बघू म्हणे. वर माणसं बसणार आहेत हो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीतून सूट मिळालेली पहिली टाकी मी कुणाला न विचारता तपासायला घेतली.