बुजलेल्या तळ्यांची मोजणी

तिसऱ्या तळ्याच्या जागी पोचेपर्यंत धाकटीच्या चपलेचा अंगठा तुटला. सकाळपासून तिची नुसती तंगडतोड चालली होती, आणि तळं म्हणून थोरला भाऊ जिथे थांबला तिथे सिमेंटवर ट्रक धुवायचं काम चाललं होतं.

“दादा, इथे काय मोजायचं रे? टायर?”

“शून्य मोजायचं,” दादा गुरगुरला.

दादाची उभी हयात पाणीपुरवठ्याच्या पंपावर गेली. तीस वर्षं थंडीतली एकेक सुट्टी मोडून तो पाचही तळ्यांवर परदेशातून येणारे पाहुणे पक्षी मोजत फिरला. शंभर झाले की एक खडा खिशात. वहिनी म्हणायची, यांच्या विजारीला खिसा टिकत नाही. आकडा मात्र त्याने एकानेही कधी फुगवला नाही.

मग एकेक तळं बुजत गेलं. पक्षीच नाहीत तिथे कशाला जा, म्हणून दादाने वहीतले ते रकाने कोरे ठेवले. तीच चूक नडली. उरलेल्या एका तळ्यावर सातशेचे बाराशे झाले, त्याने कौतुकाने कचेरीत कळवलं, आणि साहेबाने त्याच आकड्यावर शेरा मारला: पक्षी वाढत आहेत, हेही तळं बुजवायला हरकत नाही. सुनावणी सोमवारी होती.

“पण वाढलेत ना? देवाची कृपाच म्हणायची,” धाकटी म्हणाली.

“डोंबलाची कृपा! पाच बिऱ्हाडं एका खोलीत कोंबली तर खोलीतली माणसं वाढतात, घराण्यातली नाही. सगळे मिळून चार हजार होते गं! साहेब म्हणतो, कोरा रकाना म्हणजे मोजलंच नाही. शून्यावर दोघांच्या सह्या हव्यात. आणि तू खोटी सही करत नाहीस, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.”

पहिल्या दोन तळ्यांपुढे शून्य पडलंच होतं. धाकटीने देवाचं नाव घेऊन पुन्हा पेन उघडलं. इतक्यात ट्रकखालच्या साबणाच्या डबक्याशी काहीतरी शेपूट हलवत चाललं. काळापांढरा धोबी पक्षी.

“दादा, हा तुझ्या पाहुण्यांतलाच ना?”

“त्यातलाच. मरायला इथेच यायचं होतं मेल्याला! आता साहेब लिहील, ट्रक धुतात तिथेसुद्धा पक्षी येतात.”

“मग एक लिहू?”

दादाने डबक्याकडे पाठ फिरवली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला,

“धाकटे, आजवर कुणाला असं सांगितलं नाही. शून्य लिही. आणि सही कर.”