मोटारीला मारलेली गाठ

सन २०२३. माझं वय एकाहत्तर, आणि मी माझ्या मुलाची मोटार बैलगाडीसारखी बांधली.

(शाळा मी तिसरीत सोडली. पण ओझं बांधण्यात धुळे तालुक्यात माझा हात धरणारा नाही, हे आजही सांगतो!)

अक्का, म्हणजे माझी बायको, तिनं उन्हाळ्यात थंडी कधी पाहिली नव्हती. "गुडघे चालतात तवर तोरणमाळचा तलाव दाखवा," एवढंच तिचं म्हणणं. मुलगा विजय जळगावहून मोटार घेऊन आला. सकाळचं जेवण उरकून निघायचं, सातपुड्याचा घाट बघत बघत चढायचा, असा बेत ठरला. त्यात मी एकच अट घातली. डोंगरावर भरीत!

"आबा, तिथं हॉटेल आहे."

"हॉटेलवाला वांगी गॅसवर भाजतो!"

"मग तिथली लाकडं घेऊ."

"भरीत कपाशीच्या काड्यांवरच होतं. लाकडावर नुसता धूर होतो!"

विजय आंघोळीला गेला तसा मी टपावर काड्यांचा भारा चढवला. अंबाडीचा नवा दोर वरून टाकला, मोटारीच्या पोटाखालून काढला, परत वर, परत खाली. पाय देऊन आवळला. वर तांब्याभर पाणी ओतलं. ओली गाठ मग देवालाही सुटत नाही!

नवं लुगडं नेसून अक्का आली. विजयनं दार ओढलं. हलेना. दुसरं ओढलं. तेही नाही. चारही दारं माझ्या दोराखाली!

"कापतो," विजय म्हणाला.

"खबरदार! नवा दोर शे! खिडकीतून बसा!"

"मी काय वांगं शे का, खिडकीमाईन कोंबाले?" अक्कानं खाटेवर बसून चपला काढल्या. "झालं मनं तोरणमाळ." (म्हणजे तिचं तोरणमाळ घरीच संपलं.)

चपला काढल्या म्हणजे बेत मोडला! पण माघार कशी घेणार? "सोपं शे, बघ!" म्हणत मी पुढच्या खिडकीत डोकं घातलं. डोकं गेलं, खांदे गेले. पोट राहिलं बाहेर! धडपडीत हात हॉर्नवर पडला आणि अख्खी गल्ली गोळा झाली.

"आबा मोटार शिकतात काय?" शेजारचे नाना.

"नाना, आधी माझं धोतर धरा!" मी आतून.

शेवटी अक्काच उठली, विळा घेऊन. (तो दोरासाठी की माझ्यासाठी, हे आतून दिसत नव्हतं!) खस्सकन दोर तुटला, भारा माझ्या पायांवर कोसळला आणि विजयनं मला ओढून काढलं.

तोवर उन्हं कलली होती. मग त्याच काड्यांवर अंगणातच भरीत झालं. नाना तीनदा वाढून घेऊन वर म्हणाले, "आबा, परत कधी जाताय?"

अक्का पदरात तोंड लपवून हसली. "उद्या. पण बांधाबांध मी करसू."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी आधी चारही दारं उघडून पाहिली. अक्काला पुढं बसवलं आणि मागं जाऊन बसलो. मांडीवर काड्यांची बारीकशी जुडी होती. घाट लागेपर्यंत मी तिची गाठ निरखत होतो. चांगली होती. अक्कानं मारली होती.